चौकटीत मागे कोण उरतं

मुरबाडहून कर्जतच्या रस्त्याला लागलं की म्हसा येतं. पौष पौर्णिमेला इथे खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. बैलबाजार, घोंगड्यांची पालं, भांड्यांची दुकानं, पाळणे, आणि रात्री तमाशाचे तंबू. या देवाला लोक म्हसोबाही म्हणतात. म्हसोबा हा मुळात महिषासुरच, असं दामोदर धर्मानंद कोसंबींनी ‘मिथ अँड रिॲलिटी’ या १९६२च्या ग्रंथात मांडलं आहे. पुराणात देवीच्या त्रिशूळाखाली मेलेला हा असुर खेड्याच्या शिवेवर आणि शेताच्या बांधावर शेंदूर लावून राखणदार म्हणून उभा असतो. लोक त्याला नवस बोलतात, कोंबडं देतात. एकाच्या कथेतला राक्षस दुसऱ्याच्या कथेत देव असतो, हे आपल्या मातीत फार जुनं आहे. त्यामुळे खलनायकाबद्दल माया वाटते म्हणून कुणी हळहळलं, तर मला ते पटत नाही. माझा प्रश्न निराळा आहे. ही माया कशावर उभी आहे? त्याची बाजू कळली म्हणून ती वाटते, की त्याने जे केलं ते आपल्याला कुणी पाहूच दिलं नाही म्हणून?

गेल्या साठ-सत्तर वर्षांतल्या मराठी कादंबऱ्या, नाटकं, चित्रपट आणि मालिका या एका प्रश्नासाठी पुन्हा चाळल्या, तर बरंच काही हाती लागतं.

आधी हे कबूल करायला हवं की क्रौर्य आड ठेवणं हा काही गुन्हा नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्रात युद्ध, राज्यनाश, मरण, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवायच्या नाहीत, त्या प्रवेशकातून सांगायच्या, असा दंडक आहे. ग्रीक रंगभूमीवर मीडिया ही नायिका आपली मुलं घराच्या आत मारते. प्रेक्षकाला फक्त त्यांच्या हाका ऐकू येतात. शेक्सपिअरने ‘मॅकबेथ’मध्ये तर दोन्ही हत्यारं वापरली आहेत. झोपलेल्या राजा डंकनचा खून आत होतो. बाहेर येतो तो रक्ताळलेल्या हातांनी थरथरणारा मॅकबेथ, आणि आपण त्याच्या थरथरण्यात गुंततो, आत निपचित पडलेल्या म्हाताऱ्याला विसरतो. पुढे मात्र मॅकडफच्या लहान मुलाचा खून रंगमंचावर, आईच्या देखत होतो, आणि तिथून पुढे मॅकबेथशी आपलं नातं पहिल्यासारखं राहत नाही. शिरवाडकरांनी हे नाटक ‘राजमुकुट’ म्हणून मराठीत आणलं. कोणता खून आत ठेवायचा आणि कोणता बाहेर, या निवडीवर नाटककार आपली सहानुभूती कशी खेळवतो, हे शिकण्यासाठी याहून चांगला धडा मला माहीत नाही.

जुन्या तमाशाला ही सोय नव्हती. विंग नाही, पडदा नाही; मागे ढोलकी-हलगीवाले आणि झीलकरी, पुढे वग. जुलूम करणारा पाटील आणि जुलूम सोसणारी बाई एकाच उजेडात उभी. जव्हार-मोखाड्यापासून शहापूरच्या डोंगरपट्ट्यापर्यंतच्या आदिवासी गावांतला बोहाडाही तसाच. रात्रभर मुखवटे घालून देव येतात, राक्षस येतात, आणि जे काही व्हायचं ते गावाच्या डोळ्यांसमोर होतं. आडोसा आला तो नाट्यगृहाबरोबर.

आडोशाचं खरं काम काय ते विजय तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’ने उघड केलं. हे नाटक १९७० साली श्रीराम लागूंच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आलं. भाऊच बहिणीला, माणिकला, असं मारतात की तिचा गर्भ पडतो. सेन्सॉरने हरकत घेतली ती माणिकच्या पातळावरच्या रक्ताच्या डागावर. शेवटी तो डाग निळा करण्यात आला आणि प्रेक्षकांनी तो लाल समजावा, असं प्रयोगाआधी निवेदन करण्यात आलं. या प्रसंगाची आठवण सहसा सेन्सॉरच्या कोतेपणासाठी काढली जाते. मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. सेन्सॉर नेमकं ओळखून होतं. माराची वार्ता प्रेक्षक पचवतो. त्याला पचत नाही तो मार खाल्लेल्या बाईने आपल्याबरोबर बाहेर आणलेला डाग.

या लेखात मला म्हणायचं आहे ते एवढंच. क्रौर्य दाखवलं की लपवलं, हा अर्धा प्रश्न. ते लपवल्यावर चौकटीत मागे कोण उरतं, हा उरलेला अर्धा, आणि जास्त महत्त्वाचा. ज्याने केलं त्याचा चेहरा उरला, तर माया त्याच्याकडे वळते. जिच्यावर झालं तिची खूण उरली, तर क्रौर्य न दाखवताही ते सांगून होतं.

तेंडुलकरांना हे फार आधी कळलं होतं. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये प्राध्यापक दामले एकदाही रंगमंचावर येत नाहीत. नाटकमंडळींत ते हवेत, पण त्या दिवशी आलेले नाहीत. मंडळींतल्याच बेणारेबाईंच्या पोटातलं मूल त्यांचं आहे. खेळ म्हणून मांडलेल्या कोर्टात बेणारे पिंजऱ्यात उभी राहते, तिच्या आयुष्याच्या चिंध्या होतात, आणि ज्याने तिला वाऱ्यावर सोडलं तो घरी सुखरूप असतो. इथे आड ठेवलेला माणूस प्रेक्षकाला आवडावा अशी लेखकाची मुळीच इच्छा नाही. उलट, समाज दामल्यांना कसा आड ठेवतो तेच त्याला दाखवायचं आहे. म्हणून चौकटीत बेणारे उरते, शेवटपर्यंत.

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा हा आडोसा हाडामांसाचा झाला. जब्बार पटेलांनी उभी केलेली ती माणसांची भिंत आठवावी. ओळीने उभे असलेले ब्राह्मण झुलतात, वळतात, पाठ फिरवतात, आणि त्या पाठींच्या मागे नाना फडणवीस काय करतो ते करतो. घाशीरामाच्या मुलीचं, गौरीचं, मरण त्या भिंतीपलीकडचंच. घाशीरामाचे अत्याचार मात्र भिंतीच्या अलीकडे, उजेडात. कैद्याच्या हातावर तापलेला गोळा ठेवला जातो, आणि आपण तो पाहतो. शेवटी लोकांचा राग कुणावर कोसळतो? ज्याचं क्रौर्य दिसलं त्याच्यावर. १७९१ साली पुण्यात प्रत्यक्षातही जमावाने घाशीरामाला दगडांनी ठेचून मारलं. नाना कारभार पाहत राहिला. मोहन आगाशांचा नाना प्रेक्षकाला लोभस वाटतो, ठुमकतो, हसवतो. त्याच्याशी लोभ जडतो तो त्या भिंतीमुळे, आणि नाटक संपताना हा लोभ आपल्याच अंगावर येतो. भिंत लपवते, आणि भिंत उभी आहे हेही लपत नाही. हे करणं फार अवघड आहे.

आता कर्णाकडे येतो. मराठी मनात कर्णाइतकी माया दुसऱ्या कुठल्याच पराभूताला मिळालेली नाही, आणि त्यात शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’चा वाटा मोठा. १९६७ साली आलेली ही कादंबरी अजून घरोघरी वाचली जाते. दहावी-बारावीच्या सुट्टीत वाचलेलं पहिलं जाडजूड पुस्तक हेच, असं सांगणारी कितीतरी माणसं आमच्या भागात भेटतात. कादंबरी सहाजण सांगतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. सहाही जणांच्या मनात कर्ण आहे. द्रौपदी सांगत नाही.

ही गाळलेली जागा किती मोठी आहे ते महाभारताचं सभापर्व उघडलं की कळतं. द्यूतसभेत विकर्ण हा दुर्योधनाचा धाकटा भाऊ उठतो आणि द्रौपदीला पणाला लावण्याचा हक्क कुणालाच नव्हता, असं भर सभेत म्हणतो. त्याला गप्प करणारा कर्ण आहे. अनेक पती असलेली ही वेश्याच, तिला सभेत आणली यात गैर काय, असं म्हणणारा कर्ण आहे, आणि पांडवांची व द्रौपदीची वस्त्रं काढून घे, असं दुःशासनाला सांगणाराही तोच. पुढे अभिमन्यूला अनेकांनी घेरलं तेव्हा त्याचं धनुष्य तोडणाराही कर्णच. व्यासांनी यातलं काही झाकलं नाही. त्याच व्यासांनी उद्योगपर्वात कर्णाच्या तोंडून कृष्णापाशी त्या कठोर बोलण्याचा पश्चात्तापही वदवला आहे. म्हणजे मूळ कथेने सगळं चौकटीत ठेवूनही कर्णाचं मोठेपण शाबूत ठेवलं होतं.

‘मृत्युंजय’ हे प्रसंग गाळत नाही, आणि तसा आळ सावंतांवर घ्यायचा नाही. पण आपण द्यूतसभेत शिरतो ते कर्णाच्या मनातून. सूतपुत्र म्हणून झालेले अपमान, स्वयंवरातला नकार, आयुष्यभराची ठसठस हे सगळं शेकडो पानं आपल्या उशाशी असतं, मग ‘वेश्या’ हा शब्द येतो. तोवर आपण त्याचे झालेलो असतो. ज्या बाईवर तो शब्द पडला तिच्या मनाचं एकही पान आपल्या हातात नसतं. रणजित देसाईंच्या ‘राधेय’नेही हाच जिव्हाळा पुढे नेला. याच्या अगदी उलट, इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीवर बोट ठेवून कर्ण वाचला. त्यांनी त्याला सवलत दिली नाही. जिथे तो चुकला ते क्षण एकामागून एक समोर ठेवले. ‘युगान्त’ही १९६७चाच, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकाच वर्षी मराठीत दोन कर्ण आले. घराघरांत पोचला तो पहिला. मला ‘मृत्युंजय’ आवडते, अजूनही. पण मुलीच्या हाती ती देताना बरोबर ‘युगान्त’ही द्यावं, असं मी आग्रहाने सांगत असतो.

आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ (१९६२) इथे ओझरतं घेतो. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे, त्याने वेगवेगळ्या नावांनी फसवलेल्या बायका, कोर्ट, आणि प्रभाकर पणशीकरांच्या पाच भूमिका. माधव काझी याच्या खऱ्या खटल्यावरून सुचलेलं हे नाटक. फिरत्या रंगमंचावर पणशीकर बघता बघता वेश पालटून येत, तेव्हा टाळ्या पडत. त्या टाळ्या नटाच्या होत्या हे खरं. पण फसवलेली बाई साक्ष देऊन जाते आणि तिचं पुढचं आयुष्य कोर्टाबाहेर राहतं, तेव्हा नटाच्या टाळ्या आणि लखोबाच्या टाळ्या वेगळ्या काढायच्या कशा? हुशारीचा मोह हाही एक आडोसाच.

निळू फुल्यांची गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी आहे. राष्ट्र सेवा दलातून आलेला, आयुष्यभर सामाजिक चळवळींना साथ देणारा हा माणूस पडद्यावर इतक्या वेळा गावचा नराधम झाला, की खेड्यापाड्यांतल्या बायका त्यांना खरोखरच बोटं मोडत. का? त्यांच्या बहुतेक भूमिकांत क्रौर्य चौकटीतच असे. ती नजर, तो आवाज, पदराला घातलेला हात, सगळं समोर. आडोसा नाही म्हणून माया नाही. आणि याच नटाने ‘सामना’त हिंदुराव धोंडे पाटील केला. पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, १९७५ साली चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गेला. हिंदुराव साखर कारखान्याचा मालकच म्हणावा असा सहकारसम्राट. तो रांगडा आहे, दिलदार आहे, दारूत बुडालेल्या परक्या मास्तरला घरात ठेवून घेतो, त्याच्याशी मनातलं बोलतो. श्रीराम लागूंचा मास्तर आणि आपण दोघंही त्याच्या पाहुणचारात रमतो. पण मारुती कांबळे नावाचा एक माणूस गावात नाही. चित्रपट सुरू होण्याआधीच तो नाहीसा झालेला आहे. त्याचं पुढे काय झालं, हा प्रश्न मास्तर सोडत नाही. तोच प्रश्न भिंतींवर, लोकांच्या तोंडी, हिंदुरावाच्या झोपेत शिरतो.

मराठीत या विषयावर एकच कलाकृती दाखवा असं कुणी म्हटलं, तर मी ‘सामना’ दाखवीन. खलनायकाचा खून आड ठेवून त्याला प्रेमळ दाखवण्याची जी युक्ती आहे, तीच या चित्रपटाने विषय म्हणून घेतली. हिंदुराव आपल्याला आवडतो. तरीही, किंवा म्हणूनच, आपल्याला विचारावं लागतं की मारुती कुठे आहे. सहानुभूती आणि जाब दोन्ही एकाच माणसाला मिळू शकतात. खलनायकाला माणूस करायचं तर त्याचे बळी पुसावेच लागतात, असं म्हणणाऱ्या प्रत्येक पटकथाकाराला याचं उत्तर द्यावं लागेल.

आड ठेवण्याचं काम दर वेळी लेखकच करतो असंही नाही. ‘शोले’ पाहा. ठाकूरचे हात तुटताना दिसत नाहीत. तलवारी खाली येतात आणि आपण वर्तमानात परततो, वाऱ्याने शाल उडते, रिकाम्या बाह्या दिसतात. इमामचाचांच्या मुलाचा खून दिसत नाही. गब्बर हातावरची मुंगी चिरडतो, आणि पुढच्याच प्रसंगात घोड्यावरून प्रेत गावात येतं. आंधळा बाप विचारतो, गाव गप्प असतं. म्हणजे चित्रपटाने खूण मागे ठेवली होती, अगदी नेमकी. पण संवादांची तबकडी निघाली आणि लाउडस्पीकरवरून गावोगाव वाजली. लग्नात, गणपतीत, जत्रेत. तिच्यात गब्बरचा आवाज उरला. घोड्यावरचं प्रेत तबकडीवर येणार कसं? पुढे बिस्किटाच्या जाहिरातीतही गब्बर आला आणि लहान मुलांचा लाडका झाला. चित्रपटाने ज्याला चौकटीत ठेवलं त्याला बाजाराने कापून काढलं. आज मोबाइलवर फिरणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत रोज हेच होतं.

मालिकांचं जग तर या तुकड्यांवरच चालतं. ‘रात्रीस खेळ चाले’चा दुसरा भाग २०१९च्या जानेवारीत सुरू झाला आणि पहिल्या भागात मेलेला अण्णा नाईक जिवंत होऊन मधोमध आला. कोकणातला जमीनदार, माजोरी, बायकोला, माईला, पायाखाली ठेवणारा, हाताखालच्या पांडूला जनावरासारखा वागवणारा, माणसं मारून पचवणारा. माधव अभ्यंकरांनी तो जिवंत केला. अण्णा आणि त्याची प्रेयसी शेवंता ही जोडी महाराष्ट्रभर गाजली, विनोदांत फिरली. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तो वाडा पाहायला लोकांच्या गाड्या लागल्या. मालिकेने अण्णाचं क्रौर्य लपवलं असं म्हणता येणार नाही. ते दर आठवड्याला होतं. पण क्रौर्यानंतरची सकाळ कुणाची? शेवंताच्या दारातल्या अण्णाला संगीत होतं, जवळून घेतलेला चेहरा होता. चुलीपुढच्या माईच्या वाट्याला सोसणं होतं, आणि सोसणं रोजचं झालं की ते मागच्या भिंतीसारखं दिसेनासं होतं. माई चौकटीत असूनही चौकटीत नव्हती. शकुंतला नरे यांनी ती ज्या संयमाने केली, त्याची चर्चा अण्णाच्या मिशीइतकीही झाली नाही याचं मला वाईट वाटतं.

‘देवमाणूस’बद्दल मला जास्त कठोर बोलायचं आहे. ऑगस्ट २०२०मध्ये ही मालिका सुरू झाली. वाईजवळच्या धोम गावात २०१६ साली उघडकीला आलेल्या हत्यासत्राची सावली तिच्यावर होती, हे कुणापासून लपलेलं नव्हतं. त्या प्रकरणात सहाजणांचे जीव गेल्याचं पोलिसांनी सांगितलं होतं, बहुतेक बायका. त्यांची घरं आहेत, मुलं आहेत. मालिकेतला बोगस डॉक्टर देखणा, गोडबोल्या, गावाचा आधार. किरण गायकवाडांनी काम उत्तमच केलं. खून होत, पण खुनाच्या अलीकडे-पलीकडे सरूआजीच्या म्हणी आणि टोण्याचे उद्योग येत, आणि प्रेक्षक हसत हसत पुढच्या भागाकडे जाई. आता पकडला जाईल का, हा प्रश्न हळूहळू आता निसटेल ना, असा होतो. हा बदल कुठे घडतो हे तपासलं तर ती जागा सापडते. बाई नाहीशी झाल्यावर तिचं घर दिसत नाही. तिची वाट पाहणारं कुणी दोन भागांहून जास्त टिकत नाही. कुठल्याही खऱ्या खुनात सगळ्यांत लांब चालतं ते तेच: हरवल्याची तक्रार, पोलीस ठाण्याचे हेलपाटे, बाईच्या चारित्र्यावर आलेले शिंतोडे. मालिकेला शेकडो भाग मिळतात. त्यातले दहा जरी त्या घराला दिले असते, तर डॉक्टर तितकाच रंजक राहिला असता आणि आपण त्याच्या सुटकेची वाट पाहिली नसती.

खऱ्या माणसांवर कथा बेतली की ही जबाबदारी दुपटीने वाढते. ‘दगडी चाळ’ २०१५ साली आला. ज्या वलयावर तो उभा आहे त्या अरुण गवळीला नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांच्या खुनाबद्दल २०१२ साली जन्मठेप झालेली होती. जामसंडेकरांना २००७ साली राहत्या घरात गोळ्या घातल्या गेल्या. मकरंद देशपांडे यांनी रंगवलेला पडद्यावरचा डॅडी मात्र हळू बोलतो, आवाज चढवत नाही, आणि तरुण पोरं त्याच्या वाक्यांचे स्टेटस ठेवतात. ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ या नाटकावर १९९८ साली बंदी आली, पुढे न्यायालयातून वाट मोकळी झाली. बंदीच्या मी विरुद्ध आहे. पण कोण बोलणार ते या नाटकाच्या नावातच ठरून गेलं आहे. ३० जानेवारीच्या त्या संध्याकाळी गांधींच्या एका बाजूला मनू गांधी होती. तिला ढकलून मारेकरी पुढे गेला, तिच्या हातातली वही आणि माळ खाली पडली. त्याच क्षणाचं नाटक मनूच्या जागेवरून लिहिलं, तर युक्तिवाद सगळे तेच राहतील, पण ते ऐकताना आपण कुठे उभे असू?

याउलट ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) मला प्रामाणिक वाटतो. जमीन विकून आलेला पैसा उडाला, बाप हमालीला लागला, पोरगा राहुल गुंड झाला. ही गोष्ट मुळशीची तशी आमच्या शहापूर-मुरबाडचीही. इथेही एमआयडीसी आली, फार्महाऊस आली, समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, आणि सातबाऱ्यावरची नावं बदलली. प्रवीण तरडे यांनी राहुलबद्दल माया वाटू दिली, त्याच्या हातचं रक्तही लपवलं नाही, आणि त्याचा शेवटही तितकाच उघडा ठेवला. चित्रपट पाहून त्याच्यासारखे केस कापणारी पोरं मी पाहिली आहेत, हे खरं. पण त्याचा दोष मोबाइलवर फिरणाऱ्या त्या तुकड्यांना द्यावा लागतो.

‘सैराट’चा शेवट सगळ्यांनी पाहिला आहे. माहेरची माणसं भेटी घेऊन येतात, चहा होतो. मारणं दिसत नाही. आवाजही काढून घेतला आहे. शेजारच्या बाईबरोबर गेलेलं लेकरू परत येतं, आत जातं, आणि रडत बाहेर पडतं तेव्हा त्याच्या इवल्या पावलांचे रक्ताचे ठसे उमटतात. नागराज मंजुळेंनी भरताचा दंडक पाळला, म्हटलं तर चालेल. क्रौर्य पूर्ण आड आहे, आणि तरी मारणाऱ्यांबद्दल कणभर माया वाटायला जागा नाही. ‘गिधाडे’तला डाग आणि हे ठसे यांत ४६ वर्षं गेली, रीत तीच.

एवढं सगळं खलनायकाच्या विरोधात बोलल्यावर दुसरी बाजू सांगितली नाही तर लबाडी होईल. कित्येकदा खलनायक हा खलनायक ठरतो, तो जिंकणाऱ्याचं क्रौर्य आड गेल्यामुळे. जोतिराव फुल्यांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त बळी आणि वामनाची कथा फिरवली तेव्हा त्यांनी हेच केलं: बटूच्या तिसऱ्या पावलाखाली कोण चिरडलं गेलं ते चौकटीत आणलं. इरावतीबाईंनी खांडववनाच्या दहनाकडे असंच पाहिलं. अग्नीला तृप्त करणारा पराक्रम म्हणून सांगितलेल्या त्या कथेत पळून जाणारे जीव कृष्ण आणि अर्जुन यांनी पुन्हा आगीत लोटले, हे त्यांनी वाचकाला पाहायला लावलं. महिषासुराला शेंदूर लावणाऱ्या गावाला मी म्हणूनच अंधश्रद्ध म्हणू शकत नाही. तिथली माया बळी पुसून आलेली नाही. तो स्वतःच बळी होता, ही आठवण तिच्यात टिकलेली असू शकते. अण्णा नाईकाच्या वाट्याची माया आणि म्हसोबाच्या वाट्याची माया एका मापाने मोजता येत नाहीत ती यामुळे.

आमच्या जुन्या, अखंड ठाणे जिल्ह्याला या बाबतीत एक मोठं पुस्तक लाभलं आहे, आणि ते कथा-कादंबरी नाही. जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं. तिथून गोदावरी आणि शामराव परुळेकर डहाणू-उंबरगावच्या वारली आदिवासींत गेले. वेठबिगारीविरुद्ध उठाव झाला. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड मेला. ही हकिगत गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये १९७० साली लिहिली. सावकार आणि जमीनदार लग्नासाठी पैसे देई. देताना तो दयाळूच दिसत असणार; वेळेला धावून आलेला शेठ. ते कर्ज फेडायला नवरा-बायको दोघं त्याच्या घरी आयुष्यभर राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. गोदावरीबाईंनी शेठला पैसे देऊन घरी पाठवलं नाही. त्या लग्नगड्याच्या झोपडीत बसल्या आणि पुढच्या वर्षांचा हिशेब तिथून लिहिला.

मुरबाड-शहापूरच्या कातकरी वाड्यांत अजूनही गणपतीच्या सुमाराला वीटभट्टीवाल्याचा माणूस उचल घेऊन येतो. सणाला हातात पैसे पडतात, पोरांना कपडे होतात. दिवाळीनंतर घरंच्या घरं कुलूप लावून भट्टीवर जातात, भिवंडीकडे, कल्याणकडे, कुठे लांबही, आणि पावसाच्या तोंडावर परततात तेव्हा उचल फिटलेली नसते. वेठबिगारी १९७६च्या कायद्याने बंद झाली आहे. या विषयावर उद्या कुणी मालिका काढली, तर गणपतीत पैसे घेऊन येणारा मालक फार छान पात्र होईल: खर्जातला आवाज, पांढरा शर्ट, वाडीतल्या म्हातारीच्या पाया पडणारा. असं पात्र लिहिणाऱ्याला माझं सांगणं आहे की त्याला तसाच लोभस लिहा, हात आखडू नका. पण नोव्हेंबर ते मे हे सात महिने कॅमेरा वाडीत किंवा मालकाच्या घरी ठेवू नका. तो भट्टीवर न्या, पहाटे तीनला चिखल तुडवायला उठणाऱ्या बाईजवळ ठेवा, आणि मालक तिथे येईल तेव्हा तो तिच्या उंचीवरून दिसू द्या.